भिंतीवरचा जुना कायदा

१९६६ सालच्या नोव्हेंबरची सतरा तारीख, गुरुवार. सकाळच्या नऊच्या सुट्टीत ओटिली हेस पत्रांचा गठ्ठा घेऊन ऑफिसातून बाहेर पडली आणि बोळाच्या तोंडाशीच थबकली. कोट टांगायच्या खुंट्यांपाशी रोझविटा क्लिंगेले उभी होती. एका हाताने तिने ओले, जड कोट बाजूला धरले होते आणि दुसऱ्या हाताचं बोट भिंतीवरच्या चौकटीच्या काचेवरून ओळीओळीने खाली सरकत होतं. एका ठिकाणी ते थांबलं. परत त्याच ओळीच्या सुरुवातीला गेलं, पुन्हा तिथेच येऊन थांबलं. मग रोझविटाने बाहीने काच पुसली, कोट सोडून दिले आणि कुणाकडेही न बघता ती कामाच्या खोलीत निघून गेली.

ओटिली जागची हलली नाही. ती चौकट तिने स्वतःच्या हाताने लावली होती, चौदा वर्षांपूर्वी, आणि चौदा वर्षांत तिच्यासमोर कुणी वाचत उभं राहिलेलं तिने पाहिलं नव्हतं. हिवाळ्यात ती कोटांमागे असायची, उन्हाळ्यात तिला झाडू टेकलेला असायचा.

चौकटीत गरोदर बायकांच्या संरक्षणाचा कायदा होता. कोणतं काम द्यायचं नाही, बाळंतपणाची रजा किती, कामावरून कधी काढता येत नाही, सगळं बारीक अक्षरात. तीनपेक्षा जास्त बायका कामाला असतील तिथे तो सगळ्यांना वाचता येईल अशा जागी लावलाच पाहिजे, हेही त्यातच लिहिलेलं. हिंटरआख गावातल्या ब्रुगरच्या ब्रश कारखान्यात चौदा बायका होत्या. डुकराचे राठ केस झुपक्याझुपक्याने तारेत अडकवायचे आणि लाकडाच्या भोकातून खेचायचे, हे त्यांचं काम. सकाळी सातपासून साडेचारपर्यंत त्या खोलीत उकडलेल्या केसांचा वास असे. तीन दिवसांत नाकाला त्याची सवय होई आणि मग आयुष्यभर तो जात नसे.

ओटिलीने कोट बाजूला केले. काचेवर बाहीचा पुसट पट्टा उमटला होता आणि त्या पट्ट्याखाली नववं कलम होतं. गरोदर बाईला कामावरून काढता येत नाही. मालकाला माहीत नसलं तरी, नोटिशीचं पत्र हातात पडल्यापासून एका आठवड्याच्या आत तिने त्याला कळवलं, तर नोटीस रद्द होते.

एक आठवडा.

चार तारखेला, शुक्रवारी, ओटिलीने तीन पत्रं टाइप केली होती. युद्धानंतर पहिल्यांदाच त्या खोऱ्यात कामं कमी होत होती. प्लास्टिकचे ब्रश दुकानांत निम्म्या किमतीला मिळायला लागले होते आणि ब्रुगरच्या दोन मोठ्या ऑर्डरी रद्द झाल्या होत्या. तिघींपैकी दोघी तरुण पोरी, खाली शहरात दुसरीकडे लागणाऱ्या. तिसरी रोझविटा. तिचं पत्र ओटिलीनेच तिच्या हातात दिलं होतं. रोझविटाने ते वाचलं, “उद्यापासून की पुढच्या आठवड्यापासून?” एवढंच विचारलं आणि दोन आठवड्यांची मुदत आहे म्हटल्यावर मान हलवून कामाला बसली. उद्या तिचा शेवटचा दिवस होता. कारखान्याच्या लाकडाच्या वखारीवरच्या दोन खोल्याही महिनाअखेर खाली करायच्या होत्या, कारण त्या खोल्या नोकरीबरोबरच मिळालेल्या. तिचा नवरा आलोइस लाकडाच्या गिरणीत होता आणि ती गिरणी बर्फ पडलं की फेब्रुवारीपर्यंत बंद असे.

आठवडा उलटून गेला होता. अकरा तारखेला, संत मार्टिनच्या संध्याकाळी पोरं कंदील घेऊन गात फिरत होती, त्याच दिवशी.

ओटिली ऑफिसात परतली, दार लावलं आणि टेबलाचा खालचा कप्पा ओढला. पातळ कागदात गुंडाळून, सुरकुती पडू नये म्हणून दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवलेला एक छापील कागद तिने बाहेर काढला. तो जानेवारीत आला होता. कायदा बदलला होता आणि जुन्याच्या जागी हा लावायचा होता. पण नवा कागद दोन बोटं मोठा निघाला. जुन्या चौकटीत बसेना. उघडा कागद पिना टोचून भिंतीला लावणं खाटकाच्या दुकानात चालतं, ऑफिसात नाही, असं ओटिलीचं मत होतं. तिने खालच्या आळीच्या फ्रिडोलिन सुताराकडे नवी चौकट सांगितली. त्याने ईस्टर सांगितला, मग गवताची कापणी झाल्यावर म्हणाला, मग बटाटे निघाल्यावर. ओटिली दर वेळी वहीत तारीख खोडून नवी लिहायची. कागद कप्प्यात व्यवस्थित होता.

तिने नववं कलम शोधलं. उभ्याउभ्याच वाचलं, मग खुर्चीवर बसून परत वाचलं.

दोन आठवड्यांच्या आत.

दोन आठवडे उद्या संपत होते.

जेवणाच्या सुट्टीत ओटिली नेहमीसारखी वालबुर्गाशेजारी बाकावर बसली. वालबुर्गा अठ्ठावन्न वर्षांची, कारखान्यातली सगळ्यांत जुनी. तिचा हात अजून सगळ्यांत चपळ होता आणि तोंड हाताहून चपळ. ओटिली सतराव्या वर्षी इथे आली तेव्हा पहिल्या दिवशी तारेने बोटं कापून घेतली होती. वालबुर्गाने तिची बोटं स्वतःच्या रुमालाने बांधली होती आणि मालकाच्या बापाला सांगितलं होतं, या पोरीला ऑफिसात घ्या, हिचे हात शाईसाठी आहेत. तेव्हापासून वालबुर्गा सोडून बाकी सगळ्यांसाठी ती ‘फ्रॉइलाइन’ होती, ऑफिसातली बिनलग्नाची बाई.

“काय गं, पावाशी भांडण झालंय का?” वालबुर्गा म्हणाली. “मघापासून नुसती बघत्येस त्याच्याकडे.”

“भूक नाही.”

“मग इकडे दे. कलेजीचं सॉसेज वाया घालवलंस तर देव विचारील, नि देवाच्या आधी मी.”

ओटिलीने पाव पुढे केला. रोझविटा खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीची फट उघडून एकटी बसली होती. डबा उघडला नव्हता.

“ती का लांब बसली आहे?”

“वासानं.” वालबुर्गाने चावता चावता आवाज खाली आणला. “नऊ वर्षं याच वासात बसते आणि आत्ता तिला वास येतोय. तू काय विचारत्येस, नि मी काय सांगणार? तीनदा झालं तिचं असं. तीनदा सांगितलं सगळ्यांना, तीनदा पाळणा माळ्यावर गेला. आता विचारायचं नाही, बोलायचं नाही. आपण काही बघितलं नाही.”

“किती दिवस नाही बोलायचं?”

“तीन महिने पुरे होईस्तोवर. तुझ्या आईनं शिकवलं नाही तुला काही?” मग तिने ओटिलीकडे नीट पाहिलं. “आज तुझा चेहरा राखेसारखा का झालाय?”

ओटिलीने चिकोरीच्या कॉफीचा घोट घेतला. तो गार झाला होता. पत्रं टाइप करण्याआधी मालकाने तिला पेन्सिलने लिहिलेली यादी दिली होती. तीत चार नावं होती. चौथ्यावर त्याने तिच्यासमोरच काट मारली होती आणि म्हणाला होता, तूर्त तीन पुरे, वालबुर्गाला राहू दे. ही यादी फक्त त्या दोघांनाच ठाऊक होती.

“काही नाही,” ओटिली म्हणाली. “थंडी वाजतेय.”

शुक्रवारी सकाळी सातला पाच मिनिटं असताना ती हातपाय धुवायच्या जागेत जाऊन उभी राहिली. रोझविटा शेवटी आली. ओटिलीला पाहून परत फिरायला निघाली.

“थांब. मी काही विचारणार नाही.”

रोझविटा थांबली.

“त्या चौकटीत आहे तो जुना कायदा. आता एक आठवडा नाही, दोन आठवडे आहेत. नवा कागद माझ्या कप्प्यात आहे. जानेवारीपासून. मी लावला नाही. आज साडेचारपर्यंत वेळ आहे.”

रोझविटाने नळ सोडला. बर्फासारख्या पाण्याखाली हात धरून ती उभी राहिली, लाल होईपर्यंत.

“कुणाला सांगायचं?”

“मालकांना. एकच वाक्य.”

“मोठ्यानं?”

“लिहूनही चालेल. मी कागद देते.”

“लिहिलं काय नि बोललं काय, फ्रॉइलाइन, बाहेर पडलं की पडलं.” तिने नळ बंद केला. “पहिल्यांदा मी दुसऱ्याच महिन्यात आलोइसच्या आईला सांगितलं. आठ दिवसांत संपलं. दुसऱ्यांदा फक्त पाद्रीबाबांना. तिसऱ्यांदा कुणालाच नाही, नुसतं दुकानातून दोन गुंड्या लोकर आणली, बाईनं विचारलं कशाला, तर हसले मी. तेवढंच.” ती थांबली. “येत्या बुधवारी तीन महिने होतात. बुधवारी म्हणाल तर चर्चच्या मनोऱ्यावर चढून ओरडते.”

“बुधवारी उपयोग नाही.”

“ठाऊक आहे.”

“खोल्या जातील, रोझविटा. डिसेंबरात कुठे जाल तुम्ही दोघं? नोकरी असती तर बाळंतपणात पगार—”

“फ्रॉइलाइन,” रोझविटा हळूच म्हणाली, “तो शब्द नका ना उच्चारू.”

आणि ॲप्रनला हात पुसत ती गेली. सातची घंटा झाली.

दिवसभर ओटिलीने जे टाइप केलं ते सगळं चुकत गेलं. दोनदा ती कामाच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन आली. रोझविटा खाली मान घालून झुपके ओढत होती, शेवटचा दिवस आहे असं तिच्या हातांकडे बघून कुणाला वाटलं नसतं. समोर वालबुर्गा पाद्रीबाबांच्या नव्या मोटारीची नक्कल करून पोरींना हसवत होती. ओटिली तिच्याकडे बघत राहिली आणि वालबुर्गाने मान वर करताच वळली.

तीन वाजता तिने जुनी चौकट उतरवली. मग नवा कागद भिंतीला धरला आणि चार पिना टोचल्या. घाईत कागद वाकडा लागला. कोट तिने दुसऱ्या खुंट्यांवर हलवले.

“हे काय चाललंय?”

मालक, हेर ब्रुगर, तिच्या मागे उभा होता. एकसष्ट वर्षांचा, लाकडाच्या भुशाने भुवया कायम पांढऱ्या झालेला माणूस.

“नवा कायदा आहे. जानेवारीत आला होता.”

“आणि चौकट?”

“फ्रिडोलिन देत नाही.”

“फ्रिडोलिन माझ्या बापालाही वेळेवर देत नव्हता. मग आज कसली घाई?”

ती बाजूला सरकली. त्याने खिशातून चष्मा काढला आणि वाचायला लागला. आधी सहज, मग कागदाजवळ वाकून. ओटिली त्याच्या डोळ्यांकडे बघत होती. ते नवव्या कलमापाशी थांबले, बोळाच्या टोकाला लावलेल्या कॅलेंडरकडे गेले आणि परत आले.

“सोमवारी लावा, फ्रॉइलाइन हेस,” तो नरमपणे म्हणाला. “दहा महिने राहिला, अजून तीन दिवस राहील. नीट चौकट आली की लावा. असा उघडा कागद बरा नाही दिसत.”

तिचेच शब्द होते ते. ओटिलीची कानशिलं तापली.

“सोमवारी उशीर होईल.”

“कशाला?”

“आत बोलू या का?”

ऑफिसात त्याने दार लावून घेतलं आणि टेबलामागे जाऊन बसला. ओटिली उभीच राहिली.

“रोझविटा क्लिंगेलेला दिवस गेलेत,” ती म्हणाली.

त्याने चष्म्याच्या काड्या मिटल्या, एक, मग दुसरी.

“मला यातलं काही माहीत नाही. आणि तुम्ही बोललात ते मी ऐकलं नाही.”

“मी सांगितलंय.”

“तुमच्या सांगण्यानं काय होतं? तुम्हाला दिवस गेलेत का? तिनं सांगायला हवं. तुम्हाला तरी तिनं सांगितलंय?”

ओटिली आठवत राहिली. त्या जागेत, नळाशी, रोझविटाने तो शब्द एकदाही उच्चारला नव्हता.

“नाही.”

“मग या झाल्या बायकांच्या गप्पा.” तो खिडकीबाहेर, वखारीच्या जिन्याकडे बघत होता. “आणि समजा असलं खरं. तिघी कमी करायच्यात. त्यात बदल होणार नाही, माझ्या हातातच नाही ते. मग चौथं नाव कुणाचं, ठाऊक आहे ना?”

“ठाऊक आहे.”

“तुमच्या शेजारी बसून जेवते ती.”

“ठाऊक आहे म्हटलं ना मी, हेर ब्रुगर.”

एकवीस वर्षांच्या नोकरीत हा सूर तिने कधी लावला नव्हता. दोघांनाही तो ऐकू आला. बाहेर करवत सुरू झाली आणि थांबली.

“बरं,” तो म्हणाला. “मी बेकायदा वागतो असं कुणी म्हणायला नको. बोलवा तिला. मी तोंडावर विचारतो. हो म्हणाली तर हो. नाही म्हणाली किंवा गप्प राहिली, तर साडेचारला तिचे कागद तिच्या हातात द्या आणि तो कायदा सोमवारी लावा. पटलं?”

यात चुकीचं काहीच नव्हतं. म्हणून ओटिलीने मान हलवली.

ती कामाच्या खोलीत गेली तेव्हा सगळ्या गप्प झाल्या. शेवटच्या दिवशी ऑफिसात बोलावणं येतं ते कागदांसाठी, हे सगळ्यांना माहीत होतं. रोझविटा उठली. वालबुर्गाने तिच्या हातातलं अर्धं राहिलेलं ब्रशचं लाकूड काढून घेतलं.

“दे इकडे, मी पुरं करते. तू गाठी सैल मारतेस हल्ली.” आणि मग, ओटिलीकडे न बघता, “जा. घाबरू नकोस. खाणार आहे का तो तुला? त्याचे दात माझ्याहून वाईट आहेत.”

ब्रुगरच्या टेबलासमोर एक खुर्ची होती, कातडी बैठकीची. तिच्यावर लाकडाचा व्यापारी बसे, पाद्रीबाबा बसत, वर्षातून एकदा शहरातून येणारा तपासनीस बसे. कामगारांपैकी कुणी तिच्यावर बसलेलं नव्हतं. त्या मालकासमोर उभ्या राहत, दाराजवळच्या चटईवर, कारण पायांना केस चिकटलेले असत. बसा म्हणायचं मालकाच्या मनात येत नसे आणि बसावं हे त्यांच्या.

रोझविटा चटईवर उभी राहिली.

“फ्राउ क्लिंगेले,” ब्रुगर म्हणाला, “मला काही सांगायचंय का तुम्हाला?”

ती पायाखालच्या चटईकडे बघत राहिली.

“फ्रॉइलाइन हेस म्हणतात, सांगण्यासारखं आहे. असेल तर आज सांगायला हवं. नवा कायदा आहे तसा.” तो थांबला. “एक शब्द पुरे.”

रोझविटाचे ओठ हलले. ओटिलीला वाटलं, आता. पण आवाज आला नाही, ओठ परत मिटले, घट्ट, कडा पांढऱ्या होईपर्यंत. भिंतीवरच्या घड्याळात चारला वीस कमी होते. ब्रुगरने टेबलावरच्या तिच्या कागदांवर हात ठेवला, ते सरळ केले, नीट असलेलेच.

“नाही?” तो म्हणाला.

रोझविटाने एकदा त्या कागदांकडे पाहिलं. मग चटईवरून खाली उतरून ती चालत पुढे आली, गुळगुळीत केलेल्या फरशीवर केस पाडत. तिने कातडी बैठकीची खुर्ची दोन हातांनी टेबलापासून थोडी मागे ओढली आणि तिच्यावर बसली. सावकाश, आधी हातावर भार देऊन. मग पाठ टेकली, ॲप्रनच्या नाडीची गाठ सोडली, ती कमरेवरून वर घेऊन छातीखाली सैल बांधली आणि दोन्ही हात मांडीत ठेवून मालकाच्या तोंडाकडे सरळ बघत राहिली.

ब्रुगर सात भावंडांत सगळ्यांत मोठा होता. त्याच्या आईला तशी नाडी वर सरकवताना त्याने सहा वेळा पाहिलं असणार.

“तुम्ही बसलात,” शेवटी तो म्हणाला.

“हो,” रोझविटा म्हणाली.

त्याने चष्मा परत घातला. तिच्या कागदांचे दोन तुकडे केले, चार केले आणि टोपलीत टाकले.

“लिहा, फ्रॉइलाइन हेस. मला कळलं, म्हणून. आजची तारीख घाला.” आणि मग, त्याच आवाजात, “सोमवारी एक पत्र लागेल. नमुना तुमच्याकडे आहेच.”

जूनच्या पहिल्या आठवड्यात, गवत कापणीच्या धामधुमीत, रोझविटाला मुलगी झाली. मोठ्या आवाजाची निघाली, खालच्या आळीपर्यंत ऐकू यायची. वखारीवरच्या खोल्यांत ते तिघं आणखी पाच वर्षं राहिले, मग आलोइसला रेल्वेत काम मिळालं आणि ते खोरं उतरून गेले. नाताळला कार्ड येई, त्यावर मुलीची उंची लिहिलेली असे.

त्यानंतर कुणी कामगारीण आत आली की ब्रुगर खुर्चीकडे हात करायचा. बसत मात्र कुणी नसे. कारखाना त्याने चौऱ्याहत्तर सालापर्यंत ओढला आणि बंद केल्यावर दीड वर्षात तो गेला. फ्रिडोलिनची चौकट पुढच्या फेब्रुवारीत आली. अर्ध्या बोटाने लहान. कायदा शेवटपर्यंत पिनांवरच राहिला.

ओटिली दार बंद होईपर्यंत तिथेच होती. आता ती वृद्धाश्रमात आहे, डोळे गेलेत, आठवण नाही गेली. कुणी विचारलं की ती रोझविटाचं सांगत नाही, वालबुर्गाचं सांगते. वालबुर्गा नंतर कितीतरी वर्षं खानावळीच्या मागे भांडी घासायची. रविवारी चर्चमधून दोघी बरोबर घरी येत, हवेविषयी बोलत. त्र्याऐंशी साली ती वारली.

सोमवारचं पत्र ओटिलीनेच टाइप केलं आणि तिच्या हातात दिलं. वालबुर्गाने ते चष्मा न लावता खिशात घातलं. शेवटच्या दिवशी, डिसेंबरात, ती कोट चढवून बोळात थांबली आणि तेव्हा तिने चष्मा लावला. भिंतीवरचा कागद वरपासून खालपर्यंत वाचला, एकेक कलम, ओठ हलवत. बाहेर बस दोनदा भोंगा वाजवून गेली. ओटिली ऑफिसच्या दारात उभी होती.

“यात अठ्ठावन्न वर्षांच्या बाईचं काही नाही ना गं?”

“नाही.”

“मला वाटलंच.” वालबुर्गाने चष्मा काढला, घडी केली, डोक्याला रुमाल बांधला. जाता जाता तिने कागदाची एक पिन काढली, कोपरा वर उचलून सरळ केला आणि अंगठ्याने ती परत दाबली.

“इतकी वर्षं ऑफिसात काढलीस,” ती म्हणाली, “नि कागद सरळ लावता येत नाही अजून.”